‘न कित्ते पा’ : फ्रेंच आज्ञार्थ कानाने शिकण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील विद्यार्थिनी एक्केचाळीस वर्षांच्या, लग्नापूर्वी आणि नंतरही पिंपरी-चिंचवडमध्येच राहिलेल्या. त्यांच्या पतीला कंपनीने दोन वर्षांसाठी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील तुलूझ येथे पाठवले आणि ऑगस्टअखेर त्या आठ वर्षांच्या मुलीसह तेथे पोहोचल्या, कारण फ्रान्समधील शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात. तुलूझ हे विमानउद्योगाचे शहर असल्यामुळे तेथे भारतीय अभियंत्यांची ये-जा असते. त्यांचे ऑफिसात इंग्रजीवर भागते. परंतु पावाच्या दुकानात, शाळेच्या फाटकाशी आणि दवाखान्याच्या फोनवर फ्रेंचशिवाय पान हलत नाही, आणि ही तिन्ही ठिकाणे बहुधा अभियंत्याच्या नव्हे, तर त्याच्या घरच्यांच्या वाट्याला येतात.

विद्यार्थिनी फ्रेंचला अगदी नवख्या नव्हत्या. अकरावी-बारावीला त्यांनी फ्रेंच घेतले होते, आणि आपल्याकडे बहुतेक मुले ज्या कारणासाठी ते घेतात त्याच कारणासाठी, म्हणजे टक्केवारी वर जावी म्हणून, घेतले होते. गुणही उत्तम मिळाले होते. मी पुण्यातून ऑनलाइन फ्रेंच शिकवते. ऑक्टोबरात त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा पहिल्याच तासाला त्यांनी आज्ञार्थाचा सगळा तक्ता न अडखळता म्हणून दाखवला. आज्ञार्थाची रूपे ‘त्यू’ (तू), ‘नू’ (आपण) आणि ‘वू’ (तुम्ही) या तिघांचीच होतात. कर्ता गाळला जातो. देणे, बोलणे, बंद करणे अशा नेहमीच्या क्रियापदांच्या ‘त्यू’ रूपातला शेवटचा ‘एस’ गळतो. असणे, जवळ असणे, जाणणे आणि इच्छिणे ही चार क्रियापदे आपल्या चालीने चालतात. सगळे बरोबर होते.

मात्र तो गळणारा ‘एस’ उच्चारात मुळातच नसतो. ‘एस’ लिहा किंवा गाळा, ऐकणाऱ्याला ‘दॉन’ (दे) एवढेच ऐकू येते. ‘वाझी’ (जा, कर सुरू) अशा मोजक्या जोड्यांतच तो ‘झ’ होऊन परत येतो. उलट ‘दॉने’ हा एकच उच्चार ‘देणे’, ‘द्या’ आणि ‘दिलेले’ या तिन्हींसाठी चालतो; कागदावर त्यांची तीन वेगवेगळी स्पेलिंगे असतात, कानाला एकच आवाज. परीक्षेने ज्या फरकाचे गुण दिले होते तो फरक ऐकू येत नव्हता, आणि जे ओळखायला हवे होते ते प्रश्नपत्रिकेत कधी आलेच नव्हते.

अडचण

तीन प्रसंग त्यांनी ओळीने सांगितले. त्या स्वतः त्यांना वेगवेगळे समजत होत्या.

पहिला पावाच्या दुकानातला. आत शिरून त्यांनी स्पष्ट उच्चारात म्हटले, “दॉने-म्वा यून बागेत”, म्हणजे ‘मला एक बागेत (लांब फ्रेंच पाव) द्या’. दुकानदारीण म्हणाली, “बोंजूर” (नमस्कार). आपले बोलणे ऐकू गेले नसावे असे वाटून त्यांनी तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटले. दुकानदारीण पुन्हा म्हणाली, “बोंजूर, मदाम,” आणि या वेळी ‘मदाम’वर जोर होता. पाव मिळाला, पण आपल्या रंगामुळे आपल्याला असे वागवले, या समजुतीने त्या घरी येऊन रडल्या. परदेशात तसे घडतच नाही असे मी म्हणणार नाही, परंतु या प्रसंगाचे कारण निराळे होते. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हटल्याशिवाय मागणे मांडणे म्हणजे दार न वाजवता कोणाच्या स्वयंपाकघरात शिरण्यासारखे असते. दुकानदारीण त्यांना ते दार दाखवत होती.

दुसरा दवाखान्याच्या फोनचा. मुलीचा कान दुखत होता म्हणून त्यांनी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी काहीतरी विचारले, मग भरभर “न कित्ते पा” म्हटले. ‘कित्ते’ म्हणजे सोडून जाणे, एवढे त्यांना बारावीपासून ठाऊक होते. फोन सोडा असे सांगितले, असे समजून त्यांनी तो ठेवला. असे तीन वेळा झाले. ‘न’ आणि ‘पा’ यांनी मिळून नकार होतो हे त्यांना लिहून विचारले असते तर क्षणात सांगता आले असते. वेगात मात्र फक्त मधला शब्द कानात राहिला. बाई म्हणत होत्या ते इतकेच, की फोन ठेवू नका.

तिसरा प्रसंग शाळेच्या वहीचा. शाळा आणि पालक यांच्यातील निरोपांसाठी मुलीजवळ एक वही असते. तीत एक छापील चिठ्ठी चिकटवली होती, तिची सुरुवात ‘मेर्सी द...’ अशी होती. मेर्सी म्हणजे आभार. शाळेने कशाबद्दल तरी आभार मानले आहेत असे समजून त्यांनी वही दप्तरात परत ठेवली. प्रत्यक्षात ‘मेर्सी द’ आणि पुढे क्रियापदाचे मूळ रूप ही शाळा-कार्यालयांची लाडकी आज्ञा आहे: सही करून वही परत पाठवावी. सही न गेल्यामुळे मुलीची सहल जवळजवळ हुकली.

तिन्ही प्रसंगांत आज्ञार्थ होता. पण एकात तो त्यांच्या तोंडी होता, एकात समोरच्याच्या तोंडी, आणि एकात तर आभाराचा वेश घेऊन आला होता.

समोर असलेले पर्याय

त्यांचा स्वतःचा कल पाया पुन्हा घालण्याकडे होता: पहिल्या पातळीचे पुस्तक घ्यावे आणि रीतसर धडे करावेत. अभ्यासू माणसाला हाच मार्ग सुरक्षित वाटतो. त्याची अडचण वेळेची होती, कारण आज्ञार्थाचा धडा येईपर्यंत नाताळ उजाडला असता आणि तो धडा त्यांना आधीच पाठ होता.

पतीचे म्हणणे होते की मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून रोज दहा वाक्ये पाठ करावीत आणि डॉक्टरांची वेळ ऑनलाइन घ्यावी. यातला दुसरा भाग शहाणपणाचा होता आणि आम्ही तो ठेवला. मुलगी तापाने फणफणलेली असताना आईने फोनवर फ्रेंचचा सराव करू नये, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकले. फोनचा सराव फक्त साध्या, घाई नसलेल्या कामांसाठी.

तिसरा पर्याय माझा होता आणि तो मी विचार न करता निवडला.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

मी त्यांना साठ वाक्यांची यादी दिली. डावीकडे मराठी, उजवीकडे फ्रेंच, उच्चार देवनागरीत: द्या, दाखवा, थांबा, सांगा, हळू बोला, पुन्हा सांगा. यादी करायला मला एक संध्याकाळ लागली आणि त्यांना पाठ करायला चार दिवस.

चूक या यादीच्या डाव्या स्तंभात होती. मराठीत विनंतीचा मऊपणा क्रियापदातच असतो. ‘दे’ऐवजी ‘द्या’ म्हटले की निम्मे काम होते, आणि उरलेले ‘जरा’ आणि ‘ना’ करतात: “जरा अर्धा किलो पोहे द्या ना.” वाण्याच्या दुकानात यापुढे काही लागत नाही. किंबहुना आपण आत शिरून आधी “नमस्कार” म्हटले, तर हा माणूस वर्गणी मागायला आला की विमा विकायला, अशा नजरेने वाणी बघेल. फ्रेंचमध्ये ‘वू’चे रूप आदर दाखवते, परंतु विनंती दाखवत नाही, ती सुरुवातीच्या ‘बोंजूर’मध्ये, शेवटच्या ‘सिल वू प्ले’मध्ये (शब्दशः ‘तुम्हाला रुचत असेल तर’) आणि निघतानाच्या ‘मेर्सी, ओरव्हार’मध्ये (आभार, पुन्हा भेटू) वाटून ठेवलेली असते. ‘द्या’समोर ‘दॉने’ लिहिल्याने अर्थ जुळला, वजन जुळले नाही.

त्यावर मी आणखी एक भर घातली. त्यांनी विचारले, “मॅडम, ‘कृपया’ला काय म्हणायचे?” मी सांगितले, “वय्ये.” व्याकरणदृष्ट्या बरोबर; इच्छिणे या क्रियापदाचा तो आज्ञार्थ आहे. रविवारी सेंतोबँ चर्चभोवती भरणाऱ्या बाजारात त्या टोमॅटोवाल्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वय्ये म दॉने अँ किलो द तोमात.” त्या माणसाने राणीसमोर वाकावे तसे वाकून त्यांना टोमॅटो दिले. तो चेष्टेत वाकला होता आणि त्या हसल्याही, पण पुढचे दोन रविवार बाजारात गेल्या नाहीत.

‘वय्ये’ हा पाटीवरचा आणि पत्रातला शब्द आहे; ‘वय्ये पास्यांते’ म्हणजे ‘कृपया प्रतीक्षा करा’. आपणही ‘कृपया’ रेल्वेच्या भोंग्यावर ऐकतो, भाजीवाल्याला कधी म्हणत नाही. मराठीच्या दृष्टीने हे मला आधीच दिसायला हवे होते. शब्दकोशातला प्रतिशब्द देताना मी तो कोण, कुठे बोलतो हे विचारले नाही.

दुसरा निर्णय : दोन वह्या

नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही यादी बाजूला ठेवली आणि दोन वह्या केल्या: एक कानाची, एक तोंडाची. नव्याने आलेल्या माणसाला फ्रेंच आज्ञार्थ बोलावा लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकावा लागतो, हे तोवर दोघींच्याही लक्षात आले होते. कार्डाचे यंत्र, फोनवरचा ध्वनिमुद्रित आवाज, नर्स, शिक्षिका, रांगेत मागे उभा असलेला माणूस, सगळे आज्ञार्थातच बोलतात.

कानाच्या वहीत मी काहीही लिहून द्यायचे नाही, असे ठरले. दिवसभरात जे ऐकू येईल ते त्यांनी ऐकू येईल तसे देवनागरीत उतरवायचे, कुठे आणि कोण म्हणाले ते लिहायचे, आणि तासाला आम्ही ते उलगडायचे. पहिल्या आठवड्यात नोंदी मोडक्यातोडक्या होत्या. मग बाजारातल्या विक्रेत्याचे “दीत-म्वा” आले, शब्दशः ‘मला सांगा’, पण आपला दुकानदार मान वर करून “बोला!” म्हणतो नेमके तेच. पिशवी हातात देताना “तने” आले, म्हणजे “घ्या”. दारात कोणी बाजूला होऊन “आलेझी” म्हणाले, म्हणजे “व्हा पुढे”. हे उलगडताना त्यांचा चेहरा पालटला. हुकूम वाटत होते ते सगळे आपल्या ‘या, बसा, घ्या’च्या घरातले निघाले. मराठीचा उपयोग येथे झाला. भाषांतरासाठी नव्हे, समोरच्याचा सूर ओळखण्यासाठी.

फोनसाठी वेगळा सराव केला. मी कॅमेरा बंद करून फोन लावायची, दवाखान्यातली बाई व्हायची, मध्येच “न कित्ते पा” म्हणून चाळीस सेकंद गप्प बसायची. त्यांनी फक्त फोन ठेवायचा नाही. पहिल्या वेळी दहाव्या सेकंदाला त्यांनी “हॅलो? मॅडम?” म्हटले. दुसऱ्या वेळी फोन ठेवला आणि लगेच परत करून माफी मागितली. पाचव्या वेळी मला त्यांच्याकडच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, तरी फोन चालूच होता.

लेखी आज्ञांसाठी एकच सूचना पुरेशी ठरली: कागदावर कर्ता नसलेले क्रियापद दिसले की कोणीतरी आपल्याला काही करायला सांगत आहे असे धरायचे. औषधाच्या बाटलीवर, पाककृतीत आणि सूचनाफलकावर फ्रेंच लोक पुष्कळदा क्रियापदाचे मूळ रूपच वापरतात, आणि ‘मेर्सी द’ त्याच जातीचे.

तोंडाची वही मुद्दाम बारीक ठेवली. दुकानासाठी आज्ञार्थ नाहीच: “बोंजूर, यून बागेत, सिल वू प्ले” पुरते, आणि जास्त बोलायचे तर “ज वुद्रे”, म्हणजे ‘मला हवे होते’सारखे संकेतार्थी रूप. कोणाकडून काही करून घ्यायचे असेल तर “एस् क वू पुर्ये...”, म्हणजे ‘तुम्हाला जमेल का’, आणि पुढे क्रियापद. ‘दॉने-ल-म्वा’ (ते मला द्या) नकारात ‘न म ल दॉने पा’ होते, सर्वनामे उलटून पुढे जातात, हे परीक्षेचे आवडते प्रकरण आम्ही पूर्ण वगळले. रोजच्या व्यवहारात त्यावाचून त्यांचे कुठे अडले नाही.

येथे एक वळण आले. पावाच्या दुकानाचा धसका घेतल्यामुळे त्या आता आज्ञार्थ अजिबात वापरायलाच तयार नव्हत्या. सगळीकडे “एस् क वू पुर्ये”. पण बाजारात “मेते-म्वा यून लिव्र द तोमात”, म्हणजे ‘अर्धा किलो टोमॅटो घाला’, हे आज्ञार्थीच आणि अगदी घरगुती बोलणे आहे. (‘लिव्र’ हे जुने वजन, बाजारात अजूनही अर्ध्या किलोला लोक तेच म्हणतात.) संकटात तर नम्रतेला वेळच नसतो. म्हणून उघडे आज्ञार्थ त्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहवले: “एदे-म्वा” (मदत करा), “आरेते” (थांबा, बंद करा), “आप्ले ल कँझ” (१५ ला फोन करा). फ्रान्समध्ये १५ वर तातडीची वैद्यकीय मदत मिळते, १८ वर अग्निशमन दल, आणि ११२ हा क्रमांक युरोपभर चालतो.

‘त्यू’ची रूपे घरी करायची होती, आणि तिथे घोडे भलत्याच ठिकाणी अडले. पतीला ‘अहो’ म्हणायची सवय. सरावात त्यांना “दॉन” म्हणायची वेळ आली की तोंडून “दॉने”च निघे. फ्रेंच नवरा-बायको एकमेकांना ‘त्यू’ म्हणतात हे सांगून काही फरक पडला नाही, आणि मी आग्रह धरला नाही. ‘त्यू’ची जोडीदार म्हणून मुलगी पुरेशी होती.

परिणाम

जानेवारीत त्यांनी स्वतःच्या दातांसाठी फोनवरून वेळ घेतली. “न कित्ते पा” आले, त्या थांबल्या, वेळ मिळाली. सगळा फोन तीन मिनिटांचा. त्याच महिन्यात मुलीला कानासाठी डॉक्टरांकडे नेले तेव्हा डॉक्टर मुलीला “उव्र ला बूश, तिर ला लांग” म्हणाले, आणि आईने अर्थ जुळवेपर्यंत मुलीने तोंड उघडून जीभ बाहेर काढली होती. वर्गात दिवसभर आज्ञार्थच ऐकणारे मूल या बाबतीत आईच्या कितीतरी पुढे जाते.

त्याचा एक तोटाही झाला. मुलीच्या तोंडी मैदानातले ‘पूस-त्वा’ (सरक) होते. ते आईने उचलले, नीट आदरार्थी करून ‘पूसे-वू’ केले, आणि मेट्रोतून उतरताना दारातल्या एका वयस्क गृहस्थांना म्हटले. आदरार्थी रूप असूनही ते ‘बाजूला व्हा’ असेच पडले. तिथे नुसते “पार्दों” (माफ करा) म्हणायचे असते. माझी साठ वाक्यांची चूक दुसऱ्या वाटेने परत आली होती: रूप बरोबर, जागा चुकीची. ही नोंद त्यांनी कानाच्या वहीत लाल शाईने केली आहे.

पावाच्या दुकानाचा प्रश्न सर्वांत लवकर सुटला, आणि तो आज्ञार्थाने नव्हे. आता त्या आत शिरताच “बोंजूर” म्हणतात, आणि मुलीसाठी ‘शोकोलातीन’ मागतात. आत चॉकलेट घातलेल्या ज्या गोड पावाला फ्रान्सच्या बहुतेक भागांत ‘पँ ओ शोकोला’ म्हणतात त्याचे हे त्या भागातले नाव. ते योग्य उच्चारले की दुकानदारीण खुलते, असे त्यांचे निरीक्षण आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या तासाला मी तक्ता ऐकण्याऐवजी शाळेच्या वहीचा फोटो मागायला हवा होता. अडचण काय आहे हे विद्यार्थ्याच्या सांगण्यापेक्षा त्याच्या टेबलावरच्या कागदांवरून लवकर कळते. सहलीचा प्रसंग दोन आठवडे आधी उलगडला असता.

देवनागरी उच्चारांबद्दल माझे मत अजून पक्के नाही. त्यांच्यामुळे नोंदी भराभर झाल्या हे खरे. परंतु ‘त्यू’मधला ओठ गोल करून म्हणायचा ‘ई’, किंवा नाकातून निघणारे स्वर देवनागरीत बसत नाहीत, आणि एकदा लिहिले की जीभ लिहिलेल्याच्या मागे जाते. पुढच्या वेळी नोंदीसोबत मोबाइलवर आवाजही ध्वनिमुद्रित करायला सांगेन, अर्थात समोरच्याचा नव्हे, घरी येऊन स्वतः म्हटलेला.

साठ वाक्यांची यादी देण्यामागे, खरे सांगायचे तर, काहीतरी भरीव दिल्याचे समाधान होते. फी भरणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात रिकामी वही देणे शिक्षकाला जड जाते. ते मी तेव्हाच करायला हवे होते.

मार्चअखेर तोंडाच्या वहीत एकूण सोळा वाक्ये होती. कानाची वही भरत आली आहे, तिच्यातली शेवटची नोंद मुलीच्या तोंडची आहे: “आतां, मामां!”, म्हणजे थांब ना, आई. ठिकाणाच्या रकान्यात ‘घर, जेवणाचे टेबल’ लिहिले आहे, आणि पुढे कंसात: ‘हे मी तिला शिकवलेले नाही.’